सोडा मशीनचा सिलेंडर दरवेळी लवकर का संपतो आणि सोडा फुसका का निघतो

उन्हाळा आला की ही तक्रार हमखास निघते. घरी सोड्याचं मशीन आहे, सिलेंडरवर "६० लिटर" लिहिलंय, आणि पंचवीस-तीस बाटल्यांतच तो रिकामा होतो. त्या बाटल्यांतल्याही निम्म्या पेल्यात ओतेपर्यंत बसलेल्या असतात. दुकानदार सांगतो, "तुम्ही जास्त दाबता." कंपनीचं हेल्पलाइन सांगतं, "आमचाच ओरिजिनल सिलेंडर वापरा." दोघांच्याही उत्तरात शेवटी नवा सिलेंडर घ्यावा लागतो, आणि महिन्याभरात तक्रार पुन्हा तिथेच येते.

यातला काही भाग खरोखर आपल्या हातात आहे: पाण्याचं तापमान, दाबण्याची पद्धत, वॉशर. उरलेला भाग हा कंपन्यांनी मुद्दाम घातलेलं कुलूप आहे, आणि त्याला कितीही नीट दाबून उपयोग नाही. कुठला भाग कुणाचा हे आधी वेगळं करायला हवं. त्यासाठी स्वयंपाकघरातला ५ किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा पुरतो.

सिलेंडर हलवून किंवा आवाजावरून गॅस किती उरला हे कळत नाही. आतला कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. त्याचा दाब किती गॅस शिल्लक आहे यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. २० अंशाला तो साधारण ५७ बार (साध्या हवेच्या दाबाच्या जवळपास ५७ पट) असतो, सिलेंडर भरलेला असो वा तळाशी चमचाभर द्रव उरलेला असो. द्रव संपला की मगच दाब झपाट्याने घसरतो. म्हणून "काल तर जोरात येत होता, आज अचानक गेला" हे सगळ्यांनाच जाणवतं, आणि त्यात सिलेंडरचा दोष असेलच असं नाही. ३१ अंशांच्या वर तर हा गॅस द्रवरूपात राहतच नाही आणि दाब आणखी चढतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात सिलेंडर गाडीच्या डिकीत, गच्चीवर किंवा शेगडीशेजारी ठेवू नये ते यासाठीच.

तेव्हा मोजायचं ते वजन. सिलेंडरच्या मानेवर किंवा व्हॉल्व्हजवळ रिकामं वजन कोरलेलं असतं. नसेल, तर एकदा पूर्ण संपल्यावर स्वतः मोजा आणि चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा. "६० लिटर"वाल्या नेहमीच्या सिलेंडरमध्ये साधारण ४१० ते ४२५ ग्रॅम गॅस असतो. नवा सिलेंडर घरी आणल्या आणल्या, मशीनला लावायच्या आधी काट्यावर ठेवा. रिकामं वजन वजा करा. ३५० ग्रॅमच निघाला, तर तुमच्या दाबण्याचा इथे काही संबंध नाही. माल कमी मिळालाय. बिलासकट परत न्या. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि वजनमापातली फसवणूक हे वैध मापन शास्त्र खात्याचं कामच आहे. तक्रारीत "लवकर संपला" असं लिहू नका, ग्रॅम लिहा. "लवकर" या शब्दावर कंपनी वाद घालू शकते. काट्याच्या फोटोवर वाद घालणं अवघड जातं.

माल पूर्ण भरला, तर पुढची चाचणी. रात्री सिलेंडर मशीनला नेहमीसारखा लावून ठेवा. लावायच्या आधी वजन, सकाळी काढल्यावर वजन. लावताना-काढताना एखाद-दोन ग्रॅम फुस्स होतात, ते सोडून द्या. त्याहून जास्त घट दिसली तर गळती आहे. साबणाच्या पाण्याचा फेस जोडावर लावला की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. बहुतेक वेळा दोषी असतो तो मशीनच्या तोंडातला काळा वॉशर, जो सुकून चिरलेला किंवा एका बाजूला दबलेला असतो. तो बदलायचा आणि सिलेंडर फक्त हाताने घट्ट करायचा. पान्हा लावू नका, त्याने वॉशर आणखी चिरडतो. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेपही इथे गुंडाळू नका. सील वॉशरच्या सपाट बाजूवर होतं, आट्यांवर नाही. वॉशर बदलूनही गळत असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे, आणि तो उघडायला घरात कुणीही हात लावू नये.

गळती नाही, माल पूर्ण, आणि तरीही संपतो? मग एका बाटलीच्या आधी आणि नंतर वजन घ्या. इथे खरी गंमत कळते, आणि मला वाटतं कंपन्यांच्या जाहिरातीचाही हिशेब इथेच लागतो.

४१० ग्रॅमला ६० ने भागा. लिटरला ६.८ ग्रॅम येतात. बाजारातल्या झणझणीत सोड्यात लिटरला साधारण ७ ते ८ ग्रॅम गॅस विरघळलेला असतो. म्हणजे ६० लिटरचा आकडा खरा व्हायला प्रत्येक ग्रॅम पाण्यात उतरला पाहिजे, एकही ग्रॅम वाया जाता कामा नये, आणि तरीही सोडा बाजारच्यापेक्षा थोडा सौम्यच झाला पाहिजे. घरच्या मशीनमध्ये हे होत नाही. बाटलीच्या गळ्यातल्या मोकळ्या जागेतला गॅस तर बाटली काढताना उडतोच. माझ्या मते नीट पद्धतीने लिटरला १० ते १२ ग्रॅम लागणं हा रास्त आकडा आहे, म्हणजे एका सिलेंडरमध्ये ३५ ते ४० लिटर. डब्यावर तोच आकडा छापायला हवा होता. तुमच्या काट्यावर लिटरला १५-२० ग्रॅम जात असतील, तर मात्र सुधारायला जागा आहे, आणि ती जवळजवळ पूर्णपणे तापमानात आहे.

पाणी जितकं गार तितका गॅस त्यात जास्त मावतो. साध्या वातावरणाच्या दाबाला ० अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ५ अंशाला २.८ च्या आसपास, २५ अंशाला जेमतेम १.४५, आणि ३० अंशाला त्याहूनही कमी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीतून येणारं पाणी ३० अंशांच्या वरचं असतं. तेच पाणी मशीनला लावलं, तर फ्रीजच्या पाण्यापेक्षा निम्म्याहून कमी गॅस धरतं, आणि उरलेला आपण पैसे मोजून हवेत सोडतो. माठातलं पाणी प्यायला उत्तम, पण सोड्यासाठी पुरेसं गार नाही. बाटली आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवा. मशीनला लावण्याआधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलीत तर आणखी उत्तम, फक्त बर्फ होऊ देऊ नका. एवढ्या एका सवयीने ज्यांचा सिलेंडर पंचवीस बाटल्यांत संपत होता त्यांचाही बराच जास्त चालतो. बाकीच्या सगळ्या युक्त्या त्यानंतर.

पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच भरा. कमी भरलं तर नॉझल पाण्यात बुडत नाही आणि गॅस वरच्यावर फिरतो. जास्त भरलं तर ओट्यावर कारंजं. बटण एकेक सेकंद दाबायचं, मध्ये दोन-तीन सेकंद थांबायचं, म्हणजे गॅसला विरघळायला वेळ मिळतो. "भर्रर्र" असा आवाज आला की दाब सोडणारी झडप उघडली. त्यानंतर दाबलेला गॅस पाण्यात फारसा जात नाही, खोलीत जातो. पुष्कळ माहितीपत्रकं "तीनदा भर्रर्र होईपर्यंत दाबा" असं सुचवतात. गॅस विकणाऱ्याला हा सल्ला परवडतो. पाणी गार असेल तर पहिला आवाज आला की थांबा, बाटली तशीच दहा-पंधरा सेकंद लावलेली राहू द्या, मग सावकाश सोडा. झाकण लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेला सोडा ताज्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. करून पाहा, पेल्यात फरक दिसतो.

सोडा पेल्यात बसण्याचं कारण पुष्कळदा पेल्यातच असतं. साबणाचा थर, चरे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कोरडं काळं मीठ. मिठाच्या प्रत्येक कणावर बुडबुडे तयार होतात आणि गॅस एका दमात निघून जातो. मसाला सोडा करताना मीठ, जिरेपूड, लिंबाचा रस आधी पेल्याच्या तळाशी दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवा, आणि त्यावर गार सोडा कडेकडेने ओता. चमच्याने ढवळू नका, ओतण्याने जेवढं मिसळतं तेवढं पुरतं. कोकम आगळ, आवळ्याचा रस, पन्ह्याचा गर, सगळ्याला हाच क्रम. मशीनमध्ये मात्र साध्या पाण्याशिवाय काहीही घालू नका. सरबत फेसाळून नॉझलमध्ये चढतं, साखर सुकून दाब सोडणारी झडप चिकटते, आणि मग ती झडप वेळेवर उघडत नाही. तो प्रकार धोक्याचा आहे.

आरओच्या पाण्याचा सोडा जिभेला फार आंबट, बोचरा लागतो अशीही तक्रार असते. त्या पाण्यात आम्लपणा सावरून धरणारे क्षार उरलेले नसतात. लिटरला पाव ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे चिमटीपेक्षाही कमी, आधी पाण्यात विरघळवला की चव गोल होते. बाजारातल्या क्लब सोड्यातही असेच क्षार घातलेले असतात.

इथवरचं सगळं आपल्या हातातलं. आता कुलपाचं.

कार्बन डायऑक्साइड हा काही दुर्मीळ माल नाही. मळीपासून अल्कोहोल करताना प्रत्येक किलो अल्कोहोलमागे जवळपास तेवढाच, सुमारे ९५० ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या साखरपट्ट्यात डिस्टिलऱ्या कमी नाहीत. खत कारखान्यांत अमोनिया बनवतानाही तो ढिगाने निघतो. पाण्यात तो विरघळवायची कृती जोसेफ प्रिस्टली यांनी १७७२ मध्ये पुस्तिका काढून सगळ्यांसाठी छापली, पेटंट न घेता. यात कुणाचं गुपित उरलेलं नाही. घरगुती मशीन विकणारे पैसे कमावतात ते मुख्यतः त्या चारशे ग्रॅमच्या रिफिलवर. तुमच्या रिफिलची किंमत अडीचने गुणा, म्हणजे किलोचा भाव हाती येईल. मग शहरातल्या औद्योगिक भागात खाद्य दर्जाचा गॅस भरून देणाऱ्याला मोठ्या सिलेंडरचा किलोचा भाव विचारा. दोन आकडे शेजारी लिहिलेत की माझा राग कशाचा आहे ते समजेल.

हा भाव टिकवायला व्हॉल्व्ह कामी येतो. जगभर पुष्कळ मशीनमध्ये टीआर २१-४ या मापाच्या आट्यांचा सिलेंडर चालत असे, आणि त्यामुळे कुणाचाही गॅस कुणाच्याही मशीनला लागायचा. मग आट्यांशिवाय खटकन बसणारे नवे व्हॉल्व्ह आले. बसवायला सोपे आहेत हे खरं, वयस्कर हातांना तर नक्कीच. पण जुना सिलेंडर नव्या मशीनला लागत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून भरून घेण्याची वाट अरुंद होते. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा अनुभव इथल्यापेक्षा आधी आला असेल.

जर्मनीत यावर कायद्याची लढाई झाली. सोडा-क्लब ही कंपनी, जिच्या हाती सोडास्ट्रीम हा ब्रँडही होता, सिलेंडर विकत नसे, भाड्याने देत असे. आणि सिलेंडर आमच्या मालकीचा, म्हणून दुसऱ्या कुणी तो भरायचा नाही, असं तिचं म्हणणं होतं. तिथल्या स्पर्धा नियामकाने २००६ मध्ये हे बंद करायला सांगितलं आणि २००८ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते उचलून धरलं. सोडास्ट्रीम २०१८ मध्ये पेप्सिकोने ३.२ अब्ज डॉलरला घेतली. नंतर फिनलंडमधून एक वाद युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला: दुसऱ्या कंपनीने सोडास्ट्रीमचे रिकामे सिलेंडर भरून, स्वतःचं लेबल लावून विकले तर चालेल का? ऑक्टोबर २०२२ च्या निकालाचा गाभा असा, की एकदा विकलेला सिलेंडर भरून पुन्हा विकणं ट्रेडमार्कच्या नावाखाली सरसकट अडवता येत नाही. दोन कंपन्यांत काही आर्थिक नातं आहे असा ग्राहकाचा गैरसमज मात्र लेबलामुळे होता कामा नये. माझ्या दृष्टीने ही साध्या न्यायाची गोष्ट आहे. वस्तू विकत घेतली, तर ती कुठे भरायची ते घेणारा ठरवेल.

म्हणून मशीन घ्यायच्या आधीच दुकानात विचारा: सिलेंडर आट्यांचा आहे की खटक्याचा, तो माझ्या मालकीचा की अनामतीवर, सुटा वॉशर मिळतो का, आणि गॅस किती ग्रॅम. चौथ्या प्रश्नाला "इतके लिटर सोडा" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. लिटर हे पाण्याचं माप आहे. ८ ग्रॅमच्या छोट्या काडतुसांवर चालणारं मशीन तर रोज सोडा पिणाऱ्या घराने घेऊच नये. गणित लिटरमागे एक काडतूस असं बसतं, आणि प्रत्येक वेळी स्टीलचं टरफल कचऱ्यात.

ज्यांचा खप मोठा आहे त्यांच्यासाठी कायमचा उपाय आहे तो मोठा सिलेंडर, कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर, नळी, आणि कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीला बसणारं, गॅसची नळी जोडता येणारं झाकण. घरी बिअर बनवणारे लोक हेच वापरतात. बाटली तीन-चतुर्थांश गार पाण्याने भरायची, दाबून वरची हवा काढायची, झाकण लावायचं, ३० ते ४० पीएसआय (साधारण दोन ते पावणेतीन बार) दाबाला गॅस सोडून अर्धा मिनिट जोरात हलवायची. वरची हवा आधी काढणं महत्त्वाचं, नाहीतर दाब हवेचाच राहतो. बाटली गॅसच्या पेयाचीच हवी. पाण्याची पातळ बाटली नको, काचेची तर अजिबात नको.

इथे काही गोष्टींत काटकसर करायची नाही. गॅस खाद्य दर्जाचाच घ्यायचा, वेल्डिंगचा किंवा अग्निशामकातला नाही. बिलावर तसं लिहून घ्या. सिलेंडरवर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती उलटून गेलेला सिलेंडर स्वीकारू नका. मोठ्यातून छोट्यात घरी गॅस भरण्याचे, त्यात कोरडा बर्फ टाकण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. अर्धा लिटरपेक्षा मोठ्या सिलेंडरला २०१६ चे गॅस सिलेंडर नियम लागू होतात आणि भरणं हे परवान्याचं काम आहे, ज्याची देखरेख नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्र सरकारची सुरक्षा संस्था करते. कंपन्यांवरचा राग रास्त असला तरी प्रमाणाबाहेर भरलेला सिलेंडर फुटतो तो आपल्याच स्वयंपाकघरात. आणि सिलेंडर बंद खोलीत ठेवू नका. ५ किलो गॅस पूर्ण गळला तर पावणेतीन घनमीटर होतो, म्हणजे तीन मीटर लांब-रुंद-उंच खोलीच्या हवेचा दहावा हिस्सा. एवढ्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. खिडकी उघडी असलेली बाल्कनी, सावलीत, सिलेंडर उभा आणि साखळीने बांधलेला, अशी जागा बरी.

सिलेंडरच नको असेल, तर खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) यांतूनही गॅस मिळतो. ८४ ग्रॅम सोड्याला ६४ ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं आणि त्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. वाया जाणारा धरून एका लिटरला २० ग्रॅम सोडा आणि १५ ग्रॅम लिंबूसत्त्व पुरतं. खाण्याचा सोडा एका बाटलीत, पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व दुसऱ्या बाटलीत, पिण्याचं पाणी तिसऱ्या बाटलीत, मध्ये नळी आणि उलट न येऊ देणारी झडप. दोन झाकणं, दाबमापक आणि दाब सोडणारी झडप असलेला तयार संच मिळतो, तोच घ्या. झाकणाला भोक पाडून केलेल्या जुगाडात दाब सोडायची सोय नसते. सोडा आणि लिंबूसत्त्व एकदम मिसळू द्यायचं नाही. लिंबूसत्त्वाचं पाणी थोडं थोडं सोडायचं आणि दाबमापक पाहत राहायचं. पिण्याच्या पाण्याची बाटली हाताला टणक लागली की ती हलवायची, दाब उतरला की पुन्हा थोडं सोडायचं. पाणी फ्रीजचंच हवं, इथेही तोच नियम.